दर्याला तांडेल, तर डोंगराला वाटाड्या

जून उजाडला की वसईच्या आमच्या पाचूबंदरात दोन बंदी एकदम लागतात. पहिली दर्यावरची: १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक होड्यांनी मासेमारी करायची नाही. दुसरी डोंगरातली: चिंचोटी, तुंगारेश्वर आणि वसई पूर्वेच्या बाकीच्या धबधब्यांवर, ओढ्यांवर, धरणांवर फिरकायचं नाही; फिरकलात तर गुन्हा. हा दुसरा कागद आधी कलम १४४ खाली निघायचा. जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तेव्हापासून तो कलम १६३ खाली निघतो. कलम बदललं, मजकूर तोच राहिला.

पहिली बंदी आम्ही पाळतो. कुरकुरतो, बाजूच्या बंदरातला कोणी चोरून गेला तर त्याच्या नावानं बोटं मोडतो, पण पाळतो. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली जातात, इंजिनं उघडली जातात, जाळी विणायला बसतात. दुसरी बंदी मात्र कोणी मनावर घेत नाही. गंमत अशी, की ती मोडणाऱ्यांत आमचीच पोरं पुढे असतात. दोन महिने काम नाही, खिशात थोडे पैसे, दारात मोटारसायकल आणि अंगात मस्ती. रविवारी सकाळी पाच-सहा गाड्या निघतात त्या थेट महामार्ग ओलांडून चिंचोटीला. दर्यावर जायला बंदी म्हणून पोरं डोंगरातल्या पाण्यात मरायला जातात, असं आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका म्हणतात. त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

एकच माणूस एक बंदी पाळतो आणि दुसरी मोडतो, तेव्हा खोट नुसती माणसात नसते. मी कोळी आहे. उमेदीची वर्षं होडीवर काढली, आता इंजिन दुरुस्तीचं काम करतो आणि हौसेनं डोंगरात जातो. दोन्हीकडचे कायदे अंगावर घेऊन माझं एक मत पक्कं झालंय. डोंगर बंद करून माणसं वाचत नाहीत. तुंगारेश्वराच्या धारेवरून फिरवून पुन्हा पायथ्याला आणून सोडणारी एक फेरीची पायवाट वनखात्यानं आखून द्यावी, पायथ्याच्या पाड्यांनी ती चालवावी, आणि जशी दर्यावर शिस्त आहे तशी तिच्यावर शिस्त असावी.

पाचूबंदरच्या माणसाला त्या डोंगराचं काय, असं कोणी विचारील. जीपीएस येण्याआधी आमचे तांडेल, म्हणजे होडी हाकणारे प्रमुख, परतीची दिशा त्या डोंगरावरूनच धरायचे. होडी पूर्वेला तोंड करून येताना किनारा दिसायच्या आधी तुंगारेश्वराचा लांबट माथा दिसतो आणि त्याच्या उजव्या अंगाला कामणदुर्गाचं टोक. ही दोन एकमेकांपासून किती फाकलेली दिसतात, यावरून बंदर डावीकडे राहिलं की उजवीकडे, हे माझा बाप सांगायचा. बाजारातही डोंगर भेटायचा. आगोटीच्या दिवसांत माझी आई सुके बोंबील आणि जवळा घेऊन बसायची, तेव्हा कामण-पारोळकडच्या पाड्यांवरच्या बायका पावसाळ्याची बेगमी करायला यायच्या. पहिला पाऊस पडून गेला की त्याच बायका शेवळं आणि काकडं विकायला बसायच्या आणि आई त्यांची गिऱ्हाईक व्हायची. आमच्या घरात शेवळांत सुकट घालतात. डोंगर आणि दर्या एका टोपात शिजतात.

आणि पाण्याचं म्हणाल, तर वसई-विरारच्या नळाला सूर्या प्रकल्पाबरोबर उसगाव आणि पेल्हारच्या धरणांचं पाणी येतं. पेल्हारच्या धरणात उतरतो तो याच डोंगरांवरचा पाऊस. सूर्याचं वाढीव पाणी आणण्यासाठी एमएमआरडीएनं तुंगारेश्वराखालून सुमारे साडेचार किलोमीटरचा बोगदा खणला. म्हणजे आमच्या माठातलं पाणी एक तर या डोंगराच्या अंगावरून येतं, नाही तर त्याच्या पोटातून.

हे झालं आमच्या बाजूनं. डोंगरही आमच्याकडे येतो. मार्च २०२४ च्या अखेरीस वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला. संध्याकाळी मोटारसायकलवरून जाणाऱ्या एकाशी त्याची धडकच झाली. किल्ला म्हणजे आमचं अंगण. बाजारातून पाचूबंदरला यायचं तर त्याच्या तटाला धरूनच यावं लागतं. नुकतीच, फेब्रुवारीत, वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली होती. तिच्या संध्याकाळच्या फेऱ्या बंद कराव्या लागल्या. मासळी विकून उशिरा परतणाऱ्या बायका घोळक्यानं येऊ लागल्या, पुढे एक आणि मागे एक पोरगा बॅटरी घेऊन. वनखात्यानं पिंजरे मांडले, कॅमेरे लावले, तरी तो पंचवीसेक दिवस गुंगारा देत राहिला. खाडीकाठच्या तिवरांतून, मिठागरांवरून तो आला असावा, असं आमच्याकडे सगळे म्हणत होते.

तो आला कसा, हे नकाशा पाहिला की कळतं. दक्षिणेला बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्याचाच नागला भाग वसई खाडीच्या अलीकडे. ईशान्येला तानसा अभयारण्य. मधला दुवा म्हणजे तुंगारेश्वर. २००३ मध्ये सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं हे जंगल अभयारण्य झालं, ते काही धबधब्यांसाठी नाही. बोरिवलीच्या बिबट्याला तानशाकडे जायला वाट उरावी, हे त्यामागचं मोठं कारण. त्या वाटेवर आज चिंचोटी-भिवंडी रस्त्याचे ट्रक आहेत, वसई-दिवा रेल्वे आहे, बाजूनं अहमदाबाद महामार्ग आहे. नवे प्रकल्प रांगेत उभे आहेत. एवढ्यातून जे जंगल शिल्लक राहिलं, त्याला माणसांची ओळख हवी की माणसांपासून लपवणूक? मी ओळखीच्या बाजूचा आहे. ज्या जंगलाला कोणी पाहिलेलं नसतं, ते रस्त्याच्या आराखड्यात नुसता हिरवा ठिपका असतो, आणि ठिपक्यावरून रेघ मारायला कोणाचा हात थरथरत नाही.

आता चिंचोटीचं. ७ जुलै २०१८, शनिवार. सकाळी पावसाला थोडी उघडीप होती, लोक ओढे ओलांडून धबधब्यापर्यंत गेले. मग वर धो-धो पाऊस झाला. ओढे फुगले आणि शंभरावर माणसं आत अडकली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान बोलवावे लागले. एकाचा जीव गेला. असे जीव त्याआधीही गेले होते, नंतरही गेले. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ते दृश्य महाराष्ट्रानं मोबाइलवर पाहिलं. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतून बंदीच्या कागदांचा पाऊस पडला. पुढच्या रविवारी लोक दुसऱ्या धबधब्यावर होते.

आमच्या पोरांचा एक गैरसमज मला नेहमी खोडावा लागतो. "आम्हाला पोहता येतं, आम्ही कोळ्याची पोरं." दर्यात पोहणारा धबधब्याखालच्या कोंडीत उपयोगाचा नाही. वरून कोसळणाऱ्या पाण्यात हवा भरलेली असते. त्या फेसाळ पाण्यात अंग तरंगत नाही. तळाला पाणी गोल फिरतं, माणसाला पुन्हापुन्हा धारेखाली ओढतं. खडकांच्या कपारीत पाय अडकला तर वर येणं नाही. दर्यात लाट तुम्हाला फेकते तरी. कोंडीतलं पाणी धरून ठेवतं.

पण धबधब्यात उतरून बुडतात त्याहून धोक्याची गोष्ट परतीच्या वाटेची आहे. धबधब्याची वाट म्हणजे घळीची वाट. ती ओढा ओलांडत ओलांडत आत शिरते आणि त्याच वाटेनं परत यावं लागतं. सगळ्या डोंगराचं पाणी ज्या एका खोबणीत उतरणार, तिच्यातच आपण भर पावसात जाऊन बसतो. सह्याद्रीचा काळा पत्थर पाणी पीत नाही. माथ्यावर अर्धा-पाऊण तास जोर झाला की घोट्याएवढा ओढा कमरेला लागतो, आणि खाली असलेल्याला वरचा पाऊस दिसतही नाही.

डोंगराच्या धारेचं उलटं आहे. धारेवरून पाणी दोन्ही अंगांना निघून जातं. सोंडेनं चढायचं, धार धरून चालायचं आणि दुसऱ्या सोंडेनं उतरायचं, तर ओलांडायला ओढे फार लागत नाहीत आणि ओलांडलेला ओढा परत ओलांडावा लागत नाही. धारेवरही धोके आहेत. धुकं उतरलं की वाट चुकते, विजा पडतात, कड्याची माती सुटलेली असते. पण हे धोके वाट आखून, जागच्या माणसाला सोबत घेऊन आणि दिवस पाहून टाळता येतात. शनिवारी दुपारी चिंचोटीच्या कोंडीत शंभर माणसं उतरली, तर त्यांचा धोका कोण टाळणार?

मागल्या भादव्यात आम्ही काही जण कामणच्या बाजूनं वर गेलो होतो. सोबत तिथल्याच पाड्यावरचे एक काका होते, वारली, साठीच्या पुढचे. कंबरेच्या आकडीला कोयता, पायात प्लास्टिकचे बूट, डोक्याला इरलं नाही की छत्री नाही. बोलणं कमी. एका ओढ्यापाशी येऊन त्यांनी आम्हाला थांबवलं. पाणी जेमतेम घोटाभर, आमची पोरं उड्या मारून पलीकडे जायला निघालेली. काकांनी पाण्याच्या अगदी कडेला, जिथं ओल संपते तिथं, मुठीएवढा दगड ठेवला. मग खाली बसले आणि तंबाखू मळायला घेतली.

"काका, चला ना," आमच्यातला एक.

"बसा," काका म्हणाले. "दगडाला विचारतो."

आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं, माथ्यावर मात्र काळं दाटलेलं. तंबाखूची चिमूट तोंडात गेली, ओढ्याकडे काका बघतही नव्हते. थोड्या वेळानं उठले. दगडाचा निम्मा भाग पाण्यात गेला होता. पाण्यात सुकी पानं आणि काटक्या वाहत येऊ लागल्या होत्या आणि रंग किंचित तांबूस. "पाणी तांबडं झालं की मागं फिरायचं," एवढंच बोलून त्यांनी डावीकडच्या सोंडेला पाय लावला. आम्ही कारवीच्या गचपणातून, कुड्याच्या फांद्या धरत वर निघालो. तासाभरानं खाली वळून पाहिलं, तर त्या ओढ्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

मी अवाक् झालो नाही, कारण हे मला ओळखीचं होतं. आमच्या जेट्टीच्या पायऱ्यांवर पाणी कितव्या पायरीला आहे हे बघूनच आम्ही होडी सोडतो. उधाण आहे की भांग, वारा कुठला, खाडीच्या तोंडाशी लाट कशी फुटते, हे तांडेल पाहतो आणि त्याचा शब्द होडीवर शेवटचा असतो. मालक त्याच्या वर नाही, शिकलेला मुलगा त्याच्या वर नाही. तांडेल म्हणाला "नाही", तर नाही. डोंगरातला तो म्हातारा तांडेलच होता. फरक इतकाच, की दर्यावरच्या तांडेलाला कायदा ओळखतो आणि डोंगरातल्या तांडेलाला बंदीच्या कागदात कुठं जागाच नाही. उलट पोलीस आले तर "तुम्ही यांना आत का आणलं" म्हणून पहिल्यांदा त्यालाच दटावणार.

दर्याची शिस्त उभी आहे ती चार गोष्टींवर. एक, बंदीला मुदत आहे आणि कारण आहे. जून-जुलै मासळीच्या विणीचा काळ, शिवाय दर्या खवळलेला. हे पटायला सरकारी अधिकारी लागत नाही. कायदा नव्हता तेव्हाही नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय आमची होडी पाण्यात जात नव्हती. दोन, खूण आहे. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळतं. तीन, नोंद आहे. होडीला नंबर आहे, खलाशाला ओळखपत्र आहे, कोण बाहेर आहे हे गावाला माहीत असतं. रात्री एक होडी आली नाही तर दुसऱ्या होड्या शोधायला निघतात. चार, ज्याचं पोट त्यावर आहे त्याच्या हातात ती शिस्त आहे. मासळी संपली तर उपाशी आम्हीच मरणार, हे आम्हाला ठाऊक आहे. मोठ्या बोटींनी, पर्ससीनवाल्यांनी ती शिस्त मोडली की आम्ही म्हणूनच मोर्चे काढतो.

डोंगरातल्या बंदीत यातलं काय आहे? मुदत आहे, पण चार थेंब पडले तरी बंदी आणि मुसळधार असली तरी तीच बंदी. माणसाला फरक कळत नाही, म्हणून तो दोन्हीकडे सारखंच दुर्लक्ष करतो. खूण नाही. नोंद नाही, आत किती गेले, बाहेर किती आले, हे कोणालाच माहीत नसतं. आणि पाड्यावरच्या माणसाच्या हातात काहीच नाही. त्याच्या वाट्याला येतात फुटक्या बाटल्या, चिप्सची पाकिटं आणि रात्री-बेरात्री मृतदेह शोधायला दिलेली हाक. जंगल वनखात्याचं, मनाईचा हुकूम पोलीस आयुक्तालयाचा, जिल्हा प्रशासन पालघरला, नळाचं पाणी महापालिकेचं. इतक्या मालकांच्या घरात केर कोणी काढत नाही.

मी मागतोय ते काही आकाशातून पडलेलं नाही. साताऱ्याचं कास पठार पाहा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव गेलं आणि गर्दी लोटली. फुलं तुडवली जाऊ लागली. तेव्हा पठार बंद केलं नाही. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या समित्यांकडे वनखात्यानं व्यवस्था दिली. दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा, आधी नोंदणी, प्रवेश शुल्क, वाटाडे गावातलेच. तिथंही तक्रारी आहेत, रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. पण पठारावर मोटारी नाचत नाहीत आणि फुलांच्या हंगामात गावच्या पोरापोरींना घरी काम मिळतं. आमच्याच शेजारी, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, शिलोंड्याची पायवाट वाटाड्याबरोबर फिरवतात. मुंबईकराला जे नियमानं चालता येतं, ते वसईकराला का नाही? राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरणही आणलं आहे. कागद तयार आहे, पाय लावायचे बाकी आहेत.

तर तुंगारेश्वराची फेरी अशी असावी. वाट एकच, पायी जायची. सकाळी सातला पहिली तुकडी सुटेल, दुपारी दोननंतर कोणी वर असणार नाही. पहाट आणि तिन्हीसांज जनावरांची. तुकडीत दहा-बारा माणसं, सोबत पाड्यावरचा एक वाटाड्या. जायची आणि उतरायची ठिकाणं वेगळी, दोन्हीकडे वही. सकाळी लिहिलेलं नाव दुपारी खोडलं गेलं नाही, तर शोध सुरू. जून-जुलैत पूर्ण बंद. दर्याबरोबर डोंगरालाही ६१ दिवस विश्रांती मिळू दे. ती मुदत आमच्या लोकांना पाठ आहे. ऑगस्टपासून बावट्याप्रमाणे: पायथ्याला काठी, हवामान खात्याचा इशारा आला की लाल फडकं, आणि फडकं वर असताना कोणाच्या ओळखीनं कोणाला सोडायचं नाही. शुल्काचा मोठा वाटा पाड्याच्या समितीला. त्यातून वाटाड्यांची रोजी, दोर, स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराचं शिक्षण.

माथ्यावर काय बांधायचं? काहीच नाही. तिथं खाली बघायला काच लावलेला पूल नको, सेल्फीचा चौथरा नको, चहाची टपरी नको. पश्चिमेला अर्नाळ्यापासून वसई किल्ल्यापर्यंतचा किनारा, आमच्या होड्यांचे ठिपके. पूर्वेला तानशाचं खोरं. यात सिमेंटनं भर घालण्यासारखं काही नाही. याच डोंगरमाथ्यावर वर्षानुवर्षं उभी राहिलेली आश्रमाची बांधकामं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून तोडावी लागली, हे वसईला आठवत असेल. अभयारण्यात एक वीट सहज चढते, उतरवायला मात्र न्यायालय लागतं.

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिला निसर्गप्रेमींचा. अभयारण्य जनावरांसाठी आहे, तुम्ही तिथं जत्रा भरवू नका. मान्य. पण जत्रा आज भरलेलीच आहे. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी तुंगारेश्वराच्या देवळाला रांगा लागतात, ती श्रद्धा आहे आणि तिची वाट वेगळी ठेवावी. देवळापासून पुढे वर जाणाऱ्या कच्च्या रस्त्यानं मात्र बाराही महिने मोटारसायकली घुमतात, कर्णे वाजतात, पार्ट्या होतात. माझी मागणी माणसं वाढवण्याची नाही. जी हजार माणसं चहूकडून मनाला येईल तशी शिरतात, त्यातल्या शे-सव्वाशेंना एका वाटेवर धरण्याची आणि बाकीचं जंगल मोकळं ठेवण्याची आहे. गाड्या देवळाच्या खूप अलीकडे अडवल्या पाहिजेत. ही अट मान्य नसेल तर फेरीची वाट काढूच नका. आणि वाट कुठून न्यायची हे बिबट्याच्या जाण्यायेण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी ठरवावं, पर्यटनवाल्यांनी नाही.

दुसरा आक्षेप पाड्यावरच्यांचाच. "दादा, आज समिती आमची, उद्या कोणी शेठ येऊन रिसॉर्ट टाकील आणि आम्ही त्याच्या दारात वॉचमन." हा धोका खरा आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाड्या गेल्या आणि चाळी-इमारती आल्या, तेव्हा हेच झालं. म्हणून ठेका बाहेर द्यायचा नाही, हे करारातच असावं. समितीचा हिशोब ग्रामसभेत वाचला जावा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला जंगलावर जो अधिकार दिला, त्याला धरून हे करता येतं. त्यांना उपकार नकोत, हक्काचं काम हवं.

तिसरा आक्षेप माझ्या घरातला. माझी बायको म्हणते, "तुम्ही वाट काढा नाहीतर पूल बांधा, ज्याला धबधब्याखाली नाचायचं तो नाचायला जाणारच." जाईल. सगळे वाचणार नाहीत. दर्यावर एवढी शिस्त असून दर वर्षी कुठल्या ना कुठल्या बंदरातली होडी बुडते. पण बंदी पाळणाऱ्याला दुसरं काही करता आलं, तर बंदी मोडणारे कमी होतात आणि पोलिसांना तेवढ्या थोड्यांवर लक्ष ठेवता येतं. आज शंभर माणसांपुढे दोन हवालदार उभे असतात. बिचारे काय करणार? चिंचोटीची कोंडी पावसाळाभर कडेकोट बंदच ठेवा. बंद ठेवायची जागा बंद राहावी असं वाटत असेल, तर उघडी ठेवायची जागा सरकारनं स्वतः दाखवावी.

आणखी एक, पाचूबंदर-किल्लाबंदरच्या तरुणांसाठी. बंदीच्या ६१ दिवसांत आपण रिकामे असतो. दोराच्या गाठी आपल्याइतक्या कोणाला येतात? अडकलेल्याला ओढून काढायचं, पाण्यातून वर आणलेल्याचं पोट दाबत न बसता त्याला श्वास कसा द्यायचा, हे शिकून घेतलं तर वसईच्या पूर्वेला बचावाचं पथक पश्चिमेच्या बंदरातून उभं राहू शकतं. आज चिंचोटीत कोणी अडकलं की ठाण्या-मुंबईकडून मदत यायची वाट पाहावी लागते. महामार्गाच्या कोंडीत तिचा वेळ जातो. आपण अर्ध्या-पाऊण तासावर आहोत. पूर्वेच्या पाड्यांनी वाट दाखवावी, पश्चिमेच्या कोळ्यांनी दोर धरावा. दोघांनाही हा धडा पुस्तकातून शिकायचा नाही.

वनखात्यानं या दसऱ्यापर्यंत एक वाट आखावी. लांब नको, चार-पाच तासांची पुरे. महापालिकेनं पायथ्याला एक शौचालय आणि कचऱ्याची गाडी द्यावी. पोलिसांनी बंदीच्या कागदात एक ओळ वाढवावी: नोंदणीकृत वाटाड्यासोबत, बावटा खाली असताना, ठरलेल्या वाटेनं जाणाऱ्यांना हा मनाई हुकूम लागू नाही. एवढ्यानं सुरुवात होईल. एक हंगाम चालवून पाहा, जमलं नाही तर बंद करा. ६१ दिवसांच्या बंदीत वाढलेल्या आम्हाला बंद करण्याची भीती नाही.

आणि वसईकरांनो, ती वाट सुरू झाली तर शुल्क भरा. तांडेलाला मासळीतला वाटा मिळतो, तसा वाटाड्याला त्याच्या जाणकारीचा मोबदला मिळायला हवा. मासळी बाजारात आमच्या बायकांशी पापलेटच्या जोडीसाठी करता ती घासाघीस खुशाल करा, आम्हाला सवय आहे. वाटाड्याशी करू नका. तो "मागं फिरा" म्हणाला तर त्याच्याशी तीही घासाघीस नको.